दोन चिठ्ठ्या आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

रविवारी साडेपाचला स्कूटर बाहेर काढायची असेल तर शनिवारी संध्याकाळी चार वस्तू दाराजवळ ठेवाव्या लागतात. दुर्बीण, पाण्याची बाटली, नोंदवही आणि गुडघ्याचा पट्टा. पट्टा या यादीत सगळ्यांत शेवटी आला, पण आता मी आधी तोच शोधते.

ग्रामीण रुग्णालयात औषधांचं भांडार सांभाळता सांभाळता माझी पन्नाशी उलटली. कोणत्या कपाटात काय आहे, कोणत्या खोक्याची मुदत कधी संपते, हे लिहून ठेवायची हाताला सवय लागली आहे. पक्ष्यांची यादीही त्यातूनच आली. लोकांना वाटतं, मला निसर्गाचं वेड आहे. तसं काही नाही. मला अर्धवट राहिलेली यादी बघवत नाही, एवढंच.

मोठा पक्षी दिसला की लोक एकमेकांना फोन करतात. चिमणीसाठी कोणी फोन करत नाही आणि खरं कष्टाचं काम चिमण्यांचंच असतं. घरचिमणीचा नर सोडला तर बाकी सगळ्या मातकट. आमच्या बुद्धविहारातल्या पंख्याच्या वाटीत दरवर्षी घरटं करते तीही मातकट, आणि शेतातल्या बाभळीवर बसते तीही मातकट. थव्यात साठ चिमण्या असतात, त्यात एखादी वेगळी असते, आणि तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत साठच्या साठ उडून दुसऱ्या धुऱ्यावर, म्हणजे पलीकडच्या बांधावर, गेलेल्या असतात. मग पुन्हा चाला. कपाशीच्या पऱ्हाटीतून, ढेकळांतून, गुडघा सांभाळत.

या वेगळ्या चिमणीला पुस्तकात पीतकंठी म्हणतात. आम्ही रानचिमणी म्हणतो. गळ्यावर पिवळा ठिपका, खांद्यावर तांबूस डाग, पंखावर पांढऱ्या पट्ट्या, आणि पाठ साधी, तिच्यावर घरचिमणीच्या मादीसारख्या रेघा नाहीत. वाचायला सोपं आहे. झाडावर यातलं काहीच दिसत नाही, कारण ती बहुतेक वेळा तुमच्याकडे पाठ करून, पानाआड आणि उन्हाच्या विरुद्ध बाजूला बसते. इतरत्र ती म्हणे सहज दिसते. आमच्या भागात आम्हाला ती सहज कधी दिसली नाही.

'आम्हाला' म्हणजे मला आणि भाऊंना. सुरुवातीला आम्ही पाच जण होतो. एकाची बदली झाली, एकाला पहाटे उठणं जमेना, एकाला नातू झाला. उरलो दोघं. भाऊ गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. आधी मारेगावकडे, मग बाभुळगावकडे अशी नोकरी करून निवृत्त झाले. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. मला 'बाई' म्हणतात, आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, वय उलटं असलं तरी. पायी फिरून गुरांना लस टोचण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्या फिरण्यात त्यांनी पक्षी पाहिले. दुर्बीण त्यांच्या हातात निवृत्तीनंतर आली.

यादीचा नियम त्यांचा. एकाच वेळी, एकच पक्षी, दोघांनी पाहिला तर शाईनं लिहायचा. एकट्यानं पाहिला तर पेन्सिलीनं. आणि पाहिल्यावर पुस्तक उघडायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही, पाठीला पाठ लावून बसायचं आणि दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, काय दिसलं ते. मग चिठ्ठ्या जुळवायच्या आणि नोंदवहीत टाचायच्या.

"बैल मेला असं मालकानं सांगून चालते काय?" ते म्हणायचे. "दोघं पंच लागते. अन् पंचाईनं आपसात बोलाचं नाई."

धुऱ्यावर पाठीला पाठ लावून चिठ्ठ्या लिहिणारी दोन म्हातारी माणसं पाहून कापूस वेचणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं एकदा विचारलंही होतं, "काय जी, भांडन झालं काय तुमचं?"

यादीत पेन्सिलीची एक ओळ सगळ्यांत जुनी होती. रानचिमणी. भाऊंनी तरुणपणी मारेगावच्या बाजूला, लसीच्या फेरीवर असताना, एका पळसावर ती पाहिली होती. एकट्यानं. दवाखान्यात येऊन सांगितलं तर सगळे हसले. चिमणीला हळद लागली, लग्न कधी आहे, असं वर्षभर विचारत राहिले. भाऊ हे हसत सांगायचे, पण दर दोन-चार महिन्यांनी सांगायचे. त्यावरून मला कळलं होतं की ते अजून गिळलेलं नाही.

मग त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. शुगर जुनी होती. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याला इजा आहे, आहे ती नजर जपा, गेलेली परत येणार नाही. भाऊंनी हे मला स्कूटरवर मागे बसून सांगितलं, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

"बाई, शाई करून टाकू तिची एकदा," ते म्हणाले. "बाकी काई नाई. मले दिसून राह्यलं तोवर."

त्या हिवाळ्यात आम्ही आठ रविवार तिच्यामागे घालवले. बाभुळगावच्या अलीकडे कालव्याला लागून एक पांदण, शेतांमधली गाडीवाट, आहे. तिथं तूर काढून झाली की खाली पडलेल्या दाण्यांवर आणि गवताच्या बियांवर चिमण्यांचे थवे उतरतात. पूर्वी ज्वारी असायची तेव्हा ढगासारखे उतरायचे, असं भाऊ सांगत. आता सोयाबीन आणि कपाशी. त्यामुळे थवे लहान, आणि शोधायला चालणं जास्त. दर रविवारी परत येताना मी नोंदवहीत लिहायची: रानचिमणी, नाही. दुसऱ्या रविवारी नाही. पाचव्या रविवारी नाही. पुस्तकातलं तिचं पान इतक्या वेळा उघडलं होतं की ते आपोआप तिथंच उघडायचं.

आठवा रविवार जानेवारीतला. त्याआधीचे तीन दिवस आमच्या भांडाराची तपासणी होती. सगळी कपाटं रिकामी करून भरली होती. रविवारी मी उठले ती केवळ भाऊ दारात उभे राहतील म्हणून. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना फाटकापर्यंत आणून सोडलं आणि मला म्हणाल्या, "घेऊन जा व माय याले. जनावरं संपले तं आता चिमन्या मोजून राह्यला बुढा. उद्या मुंग्या मोजन."

"मुंग्याईले पाय लय हायेत," भाऊ म्हणाले. "मोजाले वेळ लागते."

पांदणीत पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. एका बाभळीवर पंधरा-वीस चिमण्या होत्या. मी स्कूटरचं स्टँड लावत होते, ते मातीत रुतत होतं, म्हणून मी दगड शोधत होते. मागून भाऊंचा आवाज आला, अगदी हळू, "बाई. बाई. वरच्या फांदीवर, काट्याच्या जुडीच्या डाव्या अंगाले."

मी दगड टाकला. दुर्बीण उचलली. गळ्यातली दोरी स्वेटरच्या बटणात अडकली. ती सोडवून डोळ्याला लावेपर्यंत फांदीवरून काहीतरी उठलं. मातकट पाठ, फडफड, संपलं. सगळा थवा कालव्यापलीकडे गेला.

भाऊ माझ्याकडे वळले. आठ रविवारांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. ते हसत होते, आणि बोट अजून फांदीकडेच होतं.

"दिसली ना बाई?"

"दिसली," मी म्हणाले.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे बघून मी तसं म्हणाले. ते खरं नाही. मला घरी जायचं होतं. मला नववा रविवार नको होता. दया नंतर सुचली, आधी थकवाच होता.

आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. मी चिठ्ठी लिहिली. गळा पिवळा, खांदा तांबूस, पंखावर दोन पांढऱ्या पट्ट्या, पाठ साधी, चोच काळी. पुस्तकाचं पान डोळ्यांसमोर होतं, लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. भाऊंना वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या, खिशातलं भिंग काढलं आणि वाचल्या. माझी चिठ्ठी त्यांनी बराच वेळ धरली. मला वाटलं, नजर कमी झाली म्हणून. मग त्यांनी चिठ्ठ्या घडी करून माझ्याकडे दिल्या. घरी जाऊन मी त्या टाचल्या, पेन्सिलीची जुनी ओळ खोडली आणि निळ्या शाईनं रानचिमणी लिहिली. अनुक्रमांक एकशे त्रेचाळीस.

त्या पावसाळ्यानंतर भाऊ सकाळी येईनासे झाले. माणूस समोर आला की ओळखायचे, पण आवाजावरून. मी एकटी जात राहिले, महिन्यातून एखाद्या रविवारी.

पुढच्या फेब्रुवारीत नोंदवहीला कसर लागली. मी सगळी यादी नव्या वहीत उतरवायला घेतली, चिठ्ठ्यांसकट. रोज संध्याकाळी दहा नोंदी, असा हिशेब ठेवला. एकशे त्रेचाळीसवर आले आणि दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

माझ्या चिठ्ठीवर: चोच काळी.

भाऊंच्या चिठ्ठीवर, वेड्यावाकड्या अक्षरांत: चोच मातकट, वरून थोडी गडद.

मी पुस्तक उघडलं. ते त्याच पानावर उघडलं. चित्रातल्या नराची चोच काळी होती. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, जी मी इतक्या वेळा पान उघडूनही कधी वाचली नव्हती: काळी चोच फक्त विणीच्या हंगामात, एरवी फिकट मातकट.

जानेवारीत काळी चोच नसते.

म्हणजे भाऊंनी ती खरोखर पाहिली होती. त्यांना मनातून लिहायचं असतं तर त्यांनीही चित्रातली काळीच चोच लिहिली असती. आणि मी काहीच पाहिलं नव्हतं, हे माझ्याच अक्षरात, माझ्याच टाचणीनं टाचून ठेवलेलं होतं. आमच्या भांडारात न तपासलेल्या खोक्यावर 'तपासले' अशी सही करणाऱ्याला मी काय बोलते ते मला आठवलं. नवी वही मी तिथंच मिटली.

माझा पहिला विचार सुधारणेचा होता. आपण आता ती पाहू, नीट पाहू, मग भाऊंना सांगायची वेळच येणार नाही. फेब्रुवारीचे दोन आणि मार्चचे तीन रविवार मी त्या पांदणीत एकटी गेले. पळस फुलून गेला. मैना आल्या, सूर्यपक्षी आले, साध्या चिमण्या तर रोजच्याच. पाचव्या रविवारी मी कालव्याच्या काठावर बसले आणि उठवेना. गुडघा नव्हे, सगळीच मी. एक खोटी ओळ खरी करायला मी किती किलोमीटर चालले, हा आकडा मात्र मी कुठेच लिहिला नाही. तिथूनच सरळ भाऊंकडे गेले.

ते ओट्यावर बसले होते. वहिनी आत भाजी निवडत होत्या. स्कूटरचा आवाज ओळखून ते म्हणाले, "आज रविवार. काय दिसलं?"

मी त्यांच्यासमोर बसले. आमच्या आईकडे बोलतात तशी बोलले, कारण ते पुस्तकी भाषेत मला जमलं नसतं.

"भाऊ, थे रानचिमनी मले दिसली नव्हती. मी खोटं बोलली. चिठ्ठी पुस्तकातून लिवली."

त्यांनी पाय ओट्यावर वर ओढून घेतले. मग म्हणाले, "चोच काळी."

"तुमाले माहीत होतं?"

"भिंग होतं ना माह्यापाशी. जानेवारीत काळी चोच कुठून आनली तू, बुटाचं पॉलिश लावलं काय तिले?"

आतून वहिनींचा हसल्याचा आवाज आला. मला हसू आलं नाही.

"मंग बोलले काहून नाई तवा?"

"मले पाह्यजे होती न बाई थे शाई," भाऊ म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पण ते आता कुठेच पाहत नव्हते. "नियम मीच केलता. अन् तुही चिठ्ठी वाचून मीच गप बसलो. वर्ष झालं. रोज मनात येते, बाई काई बोलत नाई, आपुन बी बोलाचं नाई. दोघं पंच, दोघं बी चोर."

वहिनी बाहेर आल्या, चहा ठेवला. "एका चिमनीसाठी किती रडगानं बापा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मग परत येऊन साखरेचा डबा उचलून घेऊन गेल्या, कारण भाऊंचा हात त्याकडे वळला होता.

"खोडून टाक," भाऊ म्हणाले. "पेन्सिलीत घे परत."

मी वही आणली नव्हती. घरी जाऊन शाईच्या ओळीवर पट्टी ठेवून एक रेघ मारली, शेजारी सही केली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: रानचिमणी, एक निरीक्षक, कालव्याची पांदण, जानेवारी. शाईची एकूण संख्या एकशे बेचाळीस झाली. माझी चिठ्ठी काढून टाकायचा मोह झाला. ती मी तशीच ठेवली, वर 'रद्द' लिहून.

एप्रिलच्या सुरुवातीला भाऊंनी निरोप पाठवला की येतो. वहिनी म्हणाल्या, उन्हाच्या आत परत आणा. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं, माझ्या कमरेला ओढणीची गाठ बांधून तिचं टोक त्यांच्या हातात दिलं. पांदणीत ते हळूहळू चालले. एका धुऱ्यावर मोहाचं जुनं झाड आहे, त्याच्या खाली त्यांना बसवलं. मी दुर्बीण काढली आणि थव्याची वाट पाहत उभी राहिले, नेहमीसारखी बाभळींकडे बघत.

"तिकडं कायले पाहून राह्यली?" भाऊ म्हणाले. "आता थवा नाई राहत. आता जोडी राहते. आइक."

मी ऐकलं. मला चिमण्याच ऐकू आल्या.

"हे घरची नाई. हिचा आवाज जरासा मऊ हाये. तीन-तीनदा बोलते अन् थांबते. वर, माह्या डोक्यामांगं, वाळल्या फांदीपाशी. तिथं भोक असन पाह्य, पोपटानं नाई तं सुतारपक्ष्यानं केलेलं."

फांदी होती. फांदीला भोक होतं. भोकाच्या कडेवर एक मातकट चिमणी बसली होती, माझ्याकडे पाठ करून. पाठीवर रेघा नव्हत्या. मी दुर्बीण धरून उभी राहिले, बराच वेळ, गुडघा ओरडत होता. मग ती वळली. चोच काळी. खरंच काळी. गळ्यावर पिवळा ठिपका, मला वाटला होता त्याहून खूप लहान, बोट हळदीत बुडवून टेकवावं एवढा. ती तीनदा बोलली आणि भोकात गेली.

आनंद झाला असं मी लिहिलं तर ते पुन्हा पुस्तकातून लिहिल्यासारखं होईल. मला फक्त एकदम बसावंसं वाटलं. मी भाऊंच्या शेजारी बसले.

"दिसली?" त्यांनी विचारलं.

"दिसली."

"चोच?"

"काळी."

"आता बराबर हाये," ते म्हणाले.

त्यांनी पाठ वळवली. मीही वळवली. पाठीला पाठ टेकली आणि मी चिठ्ठी लिहिली, ओळीओळीनं, जे पाहिलं तेवढंच. तांबूस खांदा नीट दिसला नव्हता, म्हणून तो लिहिला नाही. भाऊ नुसते बसून होते. मला कळलं तेव्हा मी म्हणाले, "तुमची मी लिवून घेतो भाऊ. तुमीच तं दाखोली. तुमी नसते सांगितलं तं मी बाभळीकडंच पाहत राह्यली असती. शाईनं लिवू."

"मले दिसली काय?"

"आइकू आली."

"नियम डोयाचा हाये."

"मांगं तुमी पाह्यली, आता मी पाह्यली. झाले ना दोघं पंच."

"येगयेगळ्या वर्षी? दोन पेन्सिलीची शाई नाई होत बाई." मग उठायला हात पुढे करून म्हणाले, "चाल. ऊन झालं. तुही वहिनी माह्यी शाई करन."

घरी येऊन मी दुसरी ओळ लिहिली, पहिलीच्या खाली. रानचिमणी, एक निरीक्षक, तीच पांदण, एप्रिल. दोन चिठ्ठ्या टाचल्या. एक त्यांची वेडीवाकडी, मातकट चोचीची. एक माझी, काळ्या चोचीची. रद्द केलेली तिसरी त्यांच्या मागे आहे.

पेन्सिल शाईसारखी टिकत नाही. वही उघडता मिटता ती पुसट होते, समोरच्या पानावर उमटते. भांडाराचं वार्षिक काम आटोपलं की जूनमध्ये एका संध्याकाळी मी पेन्सिलीला टोक करते आणि पेन्सिलीतल्या सगळ्या ओळी पुन्हा गिरवते. या वर्षी अशा नऊ होत्या. त्यांतल्या या दोन मी आधी गिरवल्या. दुसऱ्या दिवशी भाऊंकडे गेले तर त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "गिरवल्या काय?"

"गिरवल्या," मी म्हणाले. हे मात्र मी खरंच केलं होतं.